मेंढरं मोजायची नाहीत

परतीच्या पावसानं यंदा बिरुदेवाच्या टेकाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. खाली सांगोल्याच्या रस्त्याला दोन सरी पडल्या म्हणतात, पण वर चढेपर्यंत ढगांचाही दम गेला असावा. माळावरचं गवत उभ्या उभ्या करपलं, आणि एरवी दिवाळीचा दिवा लावून मेंढरांसकट खाली उतरणारी वस्ती दसऱ्याच्या आधीच बोचकी बांधायला लागली. उतरायचं ते माळशिरस-वेळापूरच्या बागायतीत. तिथल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि मृग जवळ आला की पुन्हा वर यायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं. ज्याला दुसरं काही करायचं असेल त्यानं आधी दुसरं काही शिकलं पाहिजे, एवढं टेकावरच्या दगडालाही कळत होतं.

येडूच्या दारात त्या दिवशी लोकर कातरायची होती. येडू मेंढराला आडवं पाडायचा, त्याची बायको विजयमाला पाय आवळून बांधायची आणि मुंडी मांडीखाली दाबून धरायची. मग येडूची कातर पोटाकडून पाठीकडं करकर चालायची. मेंढरू भ्यायलं की मुतायचं, ते नेमकं विजयमालाच्या लुगड्यावर. दुपारपर्यंत तिच्या हातांवर लोकरीच्या तेलाचा चिकट थर बसला होता आणि मान आखडून गेली होती. तिची सासू गोजाबाई सावलीला बसून काळी लोकर एकीकडं, पांढरी एकीकडं करत होती आणि कातर कुठं वाकडी गेली ते मधूनमधून सांगत होती. म्हातारीला दिसायचं कमी, पण दुसऱ्याची चूक बघायला डोळे लागतातच असं नाही.

तेवढ्यात चढ चढून झीनत बाई आल्या. पदराएवढी ओढणी डोक्यावर, चपला धुळीनं पांढऱ्या. रोज चढणाऱ्या बाईला एवढी धाप का लागावी म्हणून विजयमालानं वर पाहिलं, तर बाईंचे डोळे लाल होते.

झीनत बाई मूळच्या मोहोळच्या, लालसाब टेंपोवाल्यांची मुलगी. टेकावरच्या एका खोलीच्या शाळेत पूर्वी मास्तर टिकतच नसत. चढ बघूनच त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. मग सोलापूरच्या एका संस्थेनं डोंगरावरच्या शाळांना आपल्या खर्चानं बाया नेमून दिल्या, तशा झीनत बाई इथं आल्या. खालच्या गावात खोली घेऊन राहिल्या, स्कूटी पायथ्याला लावून रोज वर चढू लागल्या. पहिल्या महिन्यात पोरं त्यांना बघून पळून जायची. दुसऱ्या महिन्यात सुट्टीच्या दिवशीही शाळेच्या दारात जाऊन बसायला लागली. येडूची मायाक्का त्यात पहिली. तिच्यासाठीच मागच्या सालापासून गोजाबाई मेंढरांमागं जायची बंद झाली आणि नातीजवळ टेकावर राहू लागली. येडूनं तेव्हाच बोलून ठेवलं होतं, बाई हाय तंवर पोरगी शाळंत, बाई गेली की पोरगी मेंढरामागं.

बाई दगडावर बसल्या, विजयमालानं दिलेलं पाणी प्यायल्या आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं. परवा संस्थेच्या भुवनेश्वरी ताई पोरांची परीक्षा घ्यायला आल्या होत्या. वाचन झकास झालं. मायाक्कानं तर अख्खा धडा न अडखळता वाचला. गणितात मात्र साऱ्या शाळेला भोपळा मिळाला. संस्थेकडं डोंगर पुष्कळ आणि बाया थोड्या. जिथं पोरं शिकतात तिथं बाई ठेवायची, नाहीतर दुसऱ्या डोंगरावर पाठवायची, असा तिथला नियम. दिवाळीनंतर या शाळेला बाई मिळणार नव्हती.

विजयमालाला हे काही केल्या पटेना. मायाक्का घरात बसल्या बसल्या हिशेब करायची. टोपल्यातल्या भाकऱ्या, देवळाच्या पायऱ्या, म्हातारीच्या गोळ्या, काही म्हणून सोडायची नाही.

"असं काय इचारलं व्हतं वो बाई, की एकालाबी आलं न्हाय?" तिनं विचारलं.

संस्थेची एक पद्धत होती, बाईंनी सांगितलं. पोरांना परकं वाटू नये म्हणून गणित त्यांच्या घरातलंच घालायचं. डाळिंबवाल्यांच्या पोरांना झाडं विचारायची, मेंढरंवाल्यांच्या पोरांना मेंढरं. भुवनेश्वरी ताईंनी एकेकाला जवळ घेऊन प्रेमानं विचारलं, तुमच्या घरी मेंढरं किती? त्यातली दहा विकली तर राहतील किती? पहिला म्हणाला, मोप हायत. दुसरी म्हणाली, लई हायत. तिसऱ्यानं सांगितलं, देवाची किरपा हाय. मायाक्कानं तर तोंडच उघडलं नाही, खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

येडू कातर थांबवून खदाखदा हसला. "मग बराबर सांगितलं की पोरांनी."

विजयमाला हसली नाही. मांडीखालचं मेंढरू धडपडून सुटलं, अर्धी लोकर अंगावर घेऊन माळावर पळत सुटलं, तरी ती बसूनच राहिली. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गणित शिकवलं ते चिंचोक्यांवर, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. टेकावर मेंढरं मोजत नाहीत. मोजली की घटतात. धनी आपलं मेंढरू तोंडावरून ओळखतो, संध्याकाळी एकवार नजर फिरवली की कोण आलं नाही ते त्याला समजतं. तोंडानं आकडा काढायचा नाही. कुणी परका विचारू लागला तर मोप म्हणायचं आणि विषय बदलायचा. हे पोरांना अंगावरच्या दुधाबरोबर मिळतं.

आणि मायाक्काला तर दुधाबरोबर मिळालं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. मागच्या साली नवी नवी शंभरी शिकून आली तेव्हा पोरगी संध्याकाळी हरखून मेंढरं मोजत सुटली होती, टाळ्या वाजवत. त्याच आठवड्यात तोंड येण्याच्या रोगानं कळपातली कोकरं पटापटा गेली. गोजाबाईनं बोट दाखवलं ते नातीकडं. विजयमालाचा त्या दिवशी कोकरांच्या मागं धावून जीव मेटाकुटीला आला होता. तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. पोरगी रडलीसुद्धा नाही. पुन्हा मोजली मात्र नाहीत.

"माझ्यामुळंच झालं वो बाई," विजयमाला म्हणाली आणि तिला रडू आलं. हात लोकरीच्या तेलानं माखलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

येडूला बाईंचं वाईट वाटलं, नाही असं नाही. तो रागानं बोलला नाही. त्यानं पळालेलं मेंढरू धरून आणलं, पुन्हा आडवं पाडलं आणि म्हणाला, "बाई न्हाय तर शाळा न्हाय. पोरगी हितं काय दगडं राखंल? चालंल की आमच्यासंगं. हिच्याएवढी असताना मी कळप एकट्यानं राखायचो."

विजयमालाही तिच्याएवढी असताना राखायची. म्हणून तर तिला त्या राखण्याचं कौतुक राहिलेलं नव्हतं. माळशिरसच्या स्टँडवर मागच्या उन्हाळ्यात ती गावाकडची एसटी समोरून जाताना बघत बसली होती. पाटी वाचता येत नव्हती आणि पुढच्या बाकावरच्या बाईला आत्ताच एकदा विचारून झालं होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती बाई नाकाला पदर लावून सरकून बसली होती. मेंढरांचा वास लुगड्याला होताच, तो काही खोटा नव्हता. पण त्या दिवशी विजयमालानं मनाशी ठरवलं की आपल्या पोरीनं कुणाला पाटी विचारायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भुवनेश्वरी ताई पुन्हा टेकावर आल्या. निर्णय पालकांना तोंडानं सांगायचा, चिठ्ठी पाठवून मोकळं व्हायचं नाही, एवढी त्या पोरीची रीत चांगली होती. पोरगीच ती. सोलापुरात पूर्व भागातल्या विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी आणि मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलणारी. चढून तिच्या टाचेला फोड आला होता. येडूच्या दारात ती बसली, शेजारी झीनत बाई बसल्या, आणि तिनं अवघडून सांगायला सुरुवात केली. पोरं गोड आहेत, वाचतात छान, पण गणिताचा पायाच नाही, संस्थेचा नाइलाज आहे, वगैरे.

विजयमाला चुलीपाशी वाटेच्या भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानंच ती बाहेर आली. आयुष्यात कधी असल्या शिकलेल्या बाईसमोर ती चार वाक्यं धड बोलली नव्हती.

"ताई, एक इचारू? आमच्या मालकांचं नाव काय, ते मला इचारा."

भुवनेश्वरीला काही कळेना. तिनं आपलं विचारलं.

"न्हाय सांगणार," विजयमाला म्हणाली. "आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. म्हणून काय मला नवऱ्याचं नाव येत न्हाय व्हय? तसंच पोरांचं झालंय बगा. मेंढरांचा आकडा आमी तोंडानं काढत न्हाय. तुमी नेमकं त्येच इचारलंसा."

झीनत बाईंनी मग बाकीचं सांगितलं. भुवनेश्वरी आधी ऐकत राहिली, मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू सारं उमटत गेलं आणि शेवटी ती कपाळाला हात लावून हसायला लागली. पोरांना परकं वाटू नये म्हणून शोधून काढलेला प्रश्न, आणि नेमका तोच! तिला पटलं होतं, पण पटण्यावर मार्क देता येत नव्हते. साऱ्या डोंगरांना परीक्षा एकच होती, ज्याच्या घरी जे असेल ते मोजायची. एका शाळेसाठी चिंचोके घेतले तर उद्या दुसरी शाळा काय म्हणेल? ती फार तर एवढं करू शकत होती, की आजची रात्र खालच्या गावात झीनत बाईंकडं मुक्काम करायचा आणि उद्या सकाळी पुन्हा एकदा विचारायचं. आकडा पोरांच्या तोंडून आला पाहिजे.

सगळ्यांनी येडूकडं पाहिलं. तो वाघरीचं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीचं, फाटकं सांधत बसला होता. त्यानं दोरीची गाठ दातानं ओढली आणि मान हलवली.

"ताई, तुमचं खरं हाय. पण उद्या आमाला वाट धरायचीय. मधी हमरस्ता हाय, त्यावर ट्रकं हायत, लांडगं हायत. एक साल गेलं की मानूस उठत न्हाय. निघायच्या तोंडाला मी कळप मोजू देणार न्हाय."

गोजाबाई तर काही बोललीच नाही. ती उठली, काठी टेकत आत गेली आणि तिनं दाराकडं पाठ केली. तिचं हे न बोलणं साऱ्या वस्तीला माहीत होतं. त्यापेक्षा तिनं शिव्या दिलेल्या लोकांना परवडायच्या. विजयमाला पुन्हा चुलीशी जाऊन बसली. भाकरी तव्यावर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मायाक्का कोपऱ्यात आपलं दप्तर आवरत होती. उद्या मेंढरांबरोबर जायचं तर पुस्तकं घोड्यावर कुठल्या बोचक्यात घालायची, एवढंच तिनं विचारलं.

सकाळी घोड्यावर ओझी चढली. भांडी, घोंगडी, पिठाचं पोतं, वर उलटी बांधलेली कोंबड्यांची पाटी. भुवनेश्वरी आणि झीनत बाई येऊन दगडावर बसल्या होत्या. आशा फारशी नव्हती, पण निदान निरोप द्यावा म्हणून. येडूनं सवयीनं वाघरीवरून एकवार नजर फिरवली आणि तो थबकला. काळ्या तोंडाच्या मेंढीचं कोकरू नव्हतं. मेंढी जाळीला तोंड लावून सारखी ओरडत होती. येडूनं वाघरीच्या भोवती फेरी मारली, ओघळ पाहिली, वस्तीवरच्या कुत्र्यांचीही तोंडं बघून आला. निघायच्या दिवशीच कोकरू जावं हे त्याला फार लागलं. शेवटी झोपडीतून बारीक आवाज आला म्हणून तो आत वाकला, तर गोजाबाई घोंगडी पांघरून बसलेली आणि घोंगडीतून कोकराचं तोंड बाहेर आलेलं.

"आये, ह्ये काय?"

म्हातारीनं कोकराला आणखी आवळून धरलं. "ह्ये हितं हाय. मजी कळप पुरा न्हाय. पुरा नसलेला कळप मोजला तर कुणाच्या बाचं काय जातंय? बलीव त्या पोरींना, आन् लवकर आटपा. माझी मांडी वली झालीया."

येडू तसाच वाकलेला उभा राहिला. मागं विजयमाला होती, तिनंही ऐकलं. ज्या सासूनं सारी उमर न मोजण्यापायी भांडणं काढली, तिनं पहाटे उठून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी वाघरीत चाचपडत कोकरू उचलून आणलं होतं. विजयमालाला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण म्हातारीनं हातानं बाहेर जा म्हणून खूण केली.

येडूनं वाघरीची एक मेख उपटली आणि एक मेंढरू जाईल एवढीच वाट केली. मायाक्काला त्यानं बाजूच्या धोंड्यावर उभं केलं. पोरगी आईकडं बघायला लागली.

"मोज," विजयमाला म्हणाली. "मी सांगतीया न्हवं? मोज."

मायाक्का सुरुवातीला ओठातल्या ओठात मोजत होती. "मोट्यानं," येडूच म्हणाला. मग तिचा आवाज सुटला. मेंढरं एकामागं एक जाळीतून बाहेर पडत होती, नुकतीच कातरलेली, उघडी पडल्यानं लाजल्यासारखी. एके ठिकाणी तीन-चार एकदम घुसली, मायाक्का गडबडली, आणि झीनत बाईंनी डोळेच मिटले. येडूनं काठी आडवी घातली.

"दमानं," तो म्हणाला. "ती कुटं जात न्हाईत."

मायाक्कानं बाहेर पडलेल्यांवर पुन्हा नजर फिरवली, एक बोट मिटलं आणि पुढं सुरू केलं. शेवटचं मेंढरू बाहेर आलं तसा तिनं आकडा सांगितला. तो किती होता ते इथं लिहीत नाही. तुम्ही त्यात एक मिळवाल. गोजाबाईला वाचता येत नाही हे खरं, पण मायाक्काला येतं. भुवनेश्वरीनं स्वतः मोजलं होतं, तिनं मान डोलावली. मग दहा विकली तर किती, निम्मी पाण्यावर गेली तर किती, असं तिनं विचारलं, आणि मायाक्का तिचं वाक्य संपायच्या आत उत्तर देत गेली. शेजारच्या मायाप्पाच्या झोपडीतूनही तेवढ्यात कोकराचं ओरडणं ऐकू आलं. गोजाबाईची युक्ती वस्तीभर पोचायला कितीसा वेळ लागणार? प्रत्येक घरात एकेक कोकरू घोंगडीखाली गेलं होतं आणि प्रत्येक वाघरीशी एकेक पोर आपली पाळी यायची वाट बघत उभं होतं.

भुवनेश्वरीला आता मजा यायला लागली होती. ती सहज बोलून गेली, "आणि मायाक्का, आजीकडं एक आहे ना? मग सगळी मिळून किती झाली?"

येडूच्या हातातली काठी थांबली. झीनत बाईंनी भुवनेश्वरीचा हात दाबला, पण प्रश्न तर विचारून झाला होता.

मायाक्कानं बापाकडं पाहिलं, झोपडीच्या दाराकडं पाहिलं आणि मग सरळ भुवनेश्वरीकडं पाहिलं.

"येतंय मला," ती म्हणाली. "पण सांगणार न्हाय."

भुवनेश्वरी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं कागदावर मान घातली आणि पुरे मार्क दिले. झीनत बाईंना ती म्हणाली की आता या डोंगरावरून तुमची सुटका नाही, दुसरी बाई शोधावी लागली तर ती दुसऱ्या डोंगराला शोधू. ओढणीनं तोंड झाकून त्या मनसोक्त रडल्या, आणि मायाक्काला वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून ती त्यांची समजूत काढायला गेली. विजयमाला घोड्याच्या मानेला टेकून उभी होती. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरल्यावर तिला पहिल्यांदा भूक लागली. घोड्यावरच्या बोचक्यातून तिनं भाकरी काढली आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ली.

उन्हं तापायच्या आत कळप उतरायला लागला. मायाक्का आणि गोजाबाई झोपडीच्या दारात उभ्या होत्या. पोरीला सोडून जाताना विजयमालाला वाईट वाटलंच, पण मागच्या सालासारखी भीती वाटत नव्हती. चालून दमेल म्हणून म्हातारीच्या घोंगडीतलं ते कोकरू तिनं काखेत घेतलं होतं. काळ्या तोंडाची मेंढी तिच्या पायात घोटाळत चालली होती.

पायथ्याशी, जिथं वाट हमरस्त्याला मिळते, तिथं येडूनं मेंढरं थांबवली. ट्रक जाऊ द्यायचे होते. विजयमाला मागून पोचली तेव्हा तो कळपाकडं तोंड करून उभा होता. त्याचे ओठ हलत होते आणि मांडीशी धरलेल्या हाताची बोटं एकेक करून मिटत होती. तिनं जवळ जाऊन काय करताय म्हणून विचारलं. तो दचकला, काय न्हाय म्हणाला आणि उगाच एका मेंढराला काठीनं ढोसलं. रस्ता मोकळा झाला, मेंढरं पलीकडं गेली, बरीच चालून झाली, तेव्हा कुठं तो पुढं बघत बोलला.

"बराबर हाय पोरीचं."

विजयमाला हसली आणि तिनं काखेतल्या कोकरावर पदर ओढून घेतला.